फॅमिली मेडिसिनचा विभाग कॉलेजात हवा, पण त्याची ओपीडी वस्तीत हवी

नागपुरातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "आमच्याकडे मेडिसिन आहे, पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) आहे, बालरोग, स्त्रीरोग सगळं आहे. मग फॅमिली मेडिसिनचा वेगळा विभाग कशाला? काढलाच तर आरोग्यव्यवस्थेला त्याचा काय उपयोग? आणि मी हा विषय घ्यावा का?"

मी पूर्व नागपुरात बरीच वर्षं फॅमिली फिजिशियन म्हणून दवाखाना चालवते आहे. डीएनबी फॅमिली मेडिसिन ही पदव्युत्तर पदवी घेणारे रेसिडेंट डॉक्टरही माझ्याकडे येऊन बसतात. आधी सरळ उत्तर देते. विभाग हवाच. पण हॉस्पिटलच्या एखाद्या मजल्यावर चार खोल्या, दारावर पाटी आणि आत एक सहयोगी प्राध्यापक, एवढंच त्याचं रूप असणार असेल तर त्यातून काही हाती लागणार नाही. या विषयाचा वॉर्ड म्हणजे वस्तीतला दवाखाना. ठरावीक कुटुंबं त्या दवाखान्याच्या नावावर हवीत आणि तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरकडे यायला हवीत. तो दवाखाना कॉलेजचा भाग झाल्याशिवाय शिक्षक, संशोधन, परीक्षा यांतलं काहीच नीट उभं राहत नाही.

असं का, ते सांगते. १९६१ साली केर व्हाइट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घेतली तर एका महिन्यात त्यांतल्या सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात भरती होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो फक्त एक. २००१ मध्ये अमेरिकेत हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हा शेवटचा आकडा एकाहूनही खाली होता. आपल्याकडे आकडे वेगळे येतील, कारण इथे माणूस साध्या खोकल्यासाठीही थेट मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत जाऊन केसपेपर काढतो. पण चित्राचा आकार तोच राहतो. तुम्ही साडेपाच वर्षांत जे आजार पाहता ते बहुतेक त्या एका माणसाचे असतात. उरलेल्या २४९ जणांना डॉक्टरनं कसं पाहावं, कुणाला थांबवावं, कुणाला पाठवावं, कुणाला काहीच देऊ नये, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. आणि एमबीबीएस झाल्यावर पहिल्याच दिवशी तुमच्या समोर तेच बसलेले असतात.

यात शिकण्यासारखं काय आहे, हे तर नुसत्या अनुभवानं येतं, असं कॉलेजातले अनेक सीनियर म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. २०१८ चा पावसाळा आठवा. नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे रुग्ण निघाले, काही दगावले. मोठ्या रुग्णालयात पोचले ते बहुतेक आठ-दहा दिवसांचा ताप अंगावर काढून, श्वास लागलेले, किडनी किंवा लिव्हर बिघडलेले. तिथे निदान करणं तुलनेनं सोपं होतं, रक्ततपासणीही पॉझिटिव्ह येत होती. तोच माणूस तापाच्या तिसऱ्या दिवशी माझ्यासारखीच्या समोर बसलेला असतो, तेव्हा अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात, तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. बाहेर डेंग्यूची साथ असते, मलेरिया असतो, साधा व्हायरल तर असतोच. मग काय करायचं? शर्ट काढून काख बघायची, पॅन्टचा पट्टा सैल करायला लावून कमरेखाली बघायचं, जांघ बघायची, बाईमाणूस असेल तर स्तनांखालची घडी बघायची. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली सापडली, जी दुखत नाही, खाजत नाही आणि म्हणून पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाही, तर तिथल्या तिथे डॉक्सिसायक्लिन सुरू करायचं. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. खपली नाही सापडली तर? तेव्हाही निर्णय घ्यावाच लागतो: हा शेतावर, गवतात जातो का, घर कुठलं, परवा पुन्हा येऊ शकेल का, नाही आला तर फोन कोण करणार. अजून नाव न पडलेल्या आजाराशी वागायचं हे शास्त्र आहे. त्याचे नियम आहेत, ते शिकवता येतात आणि त्यांची परीक्षाही घेता येते. पण हा आजार तिसऱ्या दिवशी जिथे येतो तिथेच ते शिकवता येतं. कॉलेजच्या आयसीयूत तो दहाव्या दिवशी येतो.

पीएसएम आणि फॅमिली मेडिसिन यांतला फरक थोडक्यात सांगते, कारण त्यावर उगाच वाद होतो. पीएसएमचा डॉक्टर नंदनवन वस्तीतल्या सगळ्या मधुमेहींचा विचार करतो. फॅमिली फिजिशियन समोर बसलेल्या एका मधुमेही बाईचा, तिच्या गुडघ्यांचा, तिच्या झोपेचा आणि तिच्या घरातल्या तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या पोराचा विचार करतो. दोघंही एकमेकांना हवे आहेत. रायपूरसारख्या काही नव्या एम्समध्ये दोन्हींचा मिळून एकच विभाग केला आहे. सुरुवात म्हणून त्याला माझी हरकत नाही. भीती एवढीच की एका छपराखाली आल्यावर सर्वेक्षणं आणि कार्यक्रमांची कागदपत्रं सगळा वेळ खातात आणि पेशंट बघणं मागे पडतं.

आता समोर बसलेल्या त्या बाईकडे या. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. साठीच्या मावशी, नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या. तीन दिवस जुलाब, चक्कर, लघवी कमी. पिशवीतून त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, कोणती गोई कायची हाय, मले नाई समजत." माझ्याजवळ बसलेल्या रेसिडेंटला मी म्हटलं, आधी फक्त पाकिटं लाव, डॉक्टरवार नको, औषधवार लाव. एका डॉक्टरनं ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी दिली होती. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी असेक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध दिलं होतं, पाच दिवसांसाठी, पण बरं वाटतं म्हणून मावशी ते दोन महिने मेडिकल स्टोअरमधून आणून खात होत्या. आणि दुसऱ्या नावाचं एक पाकीट होतं, त्यातही असेक्लोफेनॅकच, पॅरासिटामॉलबरोबर.

यांतलं एकही औषध आपापल्या जागी चुकीचं नव्हतं. प्रत्येक डॉक्टरनं स्वतःच्या विषयापुरतं बरोबरच लिहिलं होतं. पण टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, लघवी वाढवणारं औषध आणि दुखण्याची गोळी ही तीन एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा सांभाळणारे मार्ग एकाच वेळी बंद होतात. त्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि जुलाबानं शरीरातलं पाणी गेलेलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलंच निघालं. दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद केल्या, प्रेशरची गोळी काही दिवस थांबवली, पाणी भरून काढलं, रोज लघवी आणि प्रेशर बघितलं, आणि आठवडाभरात क्रिएटिनिन खाली आलं. भरती करावं लागलं नाही.

या पेशंटमध्ये किती विषय होते मोजा: मेडिसिन, ऑर्थो, नेफ्रॉलॉजी, फार्माकॉलॉजी, आणि औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांचं वास्तव. कॉलेजात हे पाच विषय पाच मजल्यांवर शिकवले जातात. ते एकत्र येतात कुठे, तर असल्या टेबलावर. संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक आरोग्यसेवेचे जे चार गुण सांगितले, म्हणजे पहिला संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय, ते सगळे या एका तासात रेसिडेंटला दिसले. व्याख्यानात ते चार शब्द पाठ होतात, इतकंच.

आणि यातूनच संशोधनाचा प्रश्न उभा राहतो. विदर्भात एप्रिल ते जून या काळात ब्लडप्रेशरच्या रुग्णांची लघवी वाढवणारी औषधं कमी करावीत का? कुणाची, किती, कुठल्या वयानंतर, बाहेर उन्हात काम करणाऱ्यांची आधी का? थंड देशातल्या मार्गदर्शक सूचनांत याचं तयार उत्तर मिळणार नाही. ते नागपूर, चंद्रपूर, वर्धा इथल्या दवाखान्यांच्या नोंदींतून यायला हवं. तसंच खर्ऱ्याचं. माझ्याकडे कुठल्याही कारणानं आलेल्या तरुणाला मी तोंड उघडायला सांगते, तीन बोटं उभी जातात का बघते. जात नसतील तर तोंड आकसायला लागलंय, म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. असं दर पेशंटला बघणं दवाखान्यात जमतं का, किती वेळ लागतो, आणि त्यातून किती जण खरंच खर्रा सोडतात? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, तपासण्या होताहेत, कार्डं वाटली जाताहेत. पण कार्ड मिळालेल्या पोराला पुढची वीस वर्षं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कोण देत राहणार, रक्ताच्या पेशी कोण मोजत राहणार, लग्नाच्या वेळी त्याच्याशी आणि घरच्यांशी कोण बोलणार? हे प्रश्न दवाखान्यात जन्मतात आणि तिथेच मरतात, कारण दवाखान्यातल्या डॉक्टरला संशोधनाची पद्धत माहीत नाही आणि पद्धत माहीत असलेल्या प्राध्यापकासमोर हे पेशंट येत नाहीत. फॅमिली मेडिसिनचा विभाग या दोघांना एका खोलीत आणू शकतो. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच आहे.

इतर देशांनी हे केव्हाच ओळखलं. एडिनबरा विद्यापीठानं १९६३ मध्ये जनरल प्रॅक्टिसचं जगातलं पहिलं प्राध्यापकपद निर्माण केलं. अमेरिकेत १९६९ मध्ये तो स्वतंत्र विशेषविषय झाला. ब्राझीलनं १९९४ पासून डॉक्टर, नर्स आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक यांचं पथक ठरावीक कुटुंबांना नेमून देण्याची पद्धत सुरू केली. नॉर्वेनं २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक डॉक्टर लावला, आणि त्यामुळे पुढे त्यांना एक गोष्ट मोजता आली: तोच डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्या लोकांत, एकाच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, अचानक भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्के किंवा त्याहून थोडं जास्त कमी होतं. एखाद्या नव्या गोळीनं असं करून दाखवलं असतं तर तिची किंमत काय असती याचा विचार करा. हा परिणाम केवळ ओळखीचा नसणार, इतर कारणंही त्यात मिसळलेली असतील, पण दुर्लक्ष करण्यासारखा तो नाही.

भारतातही कागदावर कमी नाही. डीएनबी फॅमिली मेडिसिन कित्येक वर्षांपासून आहे, २०२० पासून दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयात एमडी चालतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं काम करत असलेल्या डॉक्टरांसाठी दूरशिक्षणाचा मार्ग काढला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर आरोग्यखर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असं लिहिलं आहे. अडतं ते कॉलेजच्या दाराशी. एमबीबीएसला हा विषय स्वतंत्र नाही, त्याचा पेपर नाही, म्हणून विभाग लागत नाही. विभाग नाही म्हणून शिक्षकांची पदं नाहीत, आणि पदं नाहीत म्हणून चांगली मुलं हा विषय घेत नाहीत.

हे चक्र कुठे तोडायचं? नवीन इमारत मागून नाही. नागपुरात जे आहे त्यातूनच सुरुवात होऊ शकते. शहरात मनपाची नागरी आरोग्य केंद्रं आहेत, जिल्ह्यात हिंगणा, कुही, पारशिवनी, काटोलकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. प्रत्येक कॉलेजनं त्यांतलं एक शहरी आणि एक ग्रामीण केंद्र कायमचं शिकवण्यासाठी जोडून घ्यावं. तिथल्या कुटुंबांची यादी करावी आणि प्रत्येक कुटुंबाला एक डॉक्टर नावानिशी नेमून द्यावा. रेसिडेंटनं तीन वर्षं आठवड्यातले दोन अर्धे दिवस तिथेच बसायचं. मग तो मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये असो की प्रसूतीच्या, त्याचे पेशंट त्याचेच राहतील. हे कठीण आहे, कारण वॉर्डाचे युनिट हेड त्याला सोडायला तयार नसतात. डीनच्या सहीचा आदेश लागेल, नुसत्या विनंतीवर हे होत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर दार उघडलेलंच आहे. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम आला, प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं मिळतात. आपल्याला ही कल्पना नवी नाही. इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला १९६९ पासून प्रत्येक तुकडी एक गाव घेते, तिथे जाऊन राहते. पण बहुतेक ठिकाणी या भेटींत फॉर्म भरले जातात, वजन-उंची-प्रेशर लिहिलं जातं आणि बस परत निघते. त्या घरातल्या आजीचं प्रेशर १७० निघालं तर पुढे काय, याची जबाबदारी कुणाचीच नसते. तिथे फॅमिली फिजिशियन शिक्षक म्हणून बरोबर असेल, आजीला त्याच दिवशी औषध सुरू होईल आणि पुढच्या भेटीत तोच विद्यार्थी तिचं प्रेशर पुन्हा मोजेल, तर तो विद्यार्थी पाठपुरावा म्हणजे काय हे आयुष्यभर विसरणार नाही.

शिक्षक कुठून आणायचे? धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या हॉस्पिटलांतून नव्हे. जरीपटका, मानेवाडा, कामठी, उमरेड इथे वीस-पंचवीस वर्षं दवाखाना चालवणारे, वाचन चालू ठेवलेले डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे एमडी नाही म्हणून त्यांना शिकवू द्यायचं नाही, हा नियम या विषयापुरता बदलायलाच हवा. त्यांना मानद शिक्षक करा, शिकवायचं कसं याचं प्रशिक्षण द्या, रेसिडेंट त्यांच्या दवाखान्यात पाठवा आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. फुकटात शिकवा म्हटलं तर दोन महिने उत्साह टिकतो. सगळेच दवाखाने शिकवण्याच्या लायकीचे आहेत असं मी म्हणत नाही. जिथे प्रत्येक तापाला सलाईन आणि इंजेक्शन मिळतं, तिथे मुलं वाईटच शिकतील. म्हणून निवड कडक हवी: नोंदी ठेवता का, अँटिबायोटिक किती लिहिता, रेसिडेंटसमोर स्वतःचा निर्णय समजावून सांगता का.

आणखी एक साधी गोष्ट, जिला एक रुपया लागत नाही. मी पेशंट मोठ्या रुग्णालयात पाठवते तेव्हा चिठ्ठीत काय घडलं, काय दिलं, मला कसली शंका आहे हे लिहिते. परत येताना पेशंटकडे डिस्चार्ज कार्ड असतं, पण माझ्यासाठी दोन ओळी क्वचित असतात: कुठलं औषध किती दिवस, कुठली तपासणी पुन्हा कधी, कशावर लगेच परत पाठवायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, भरतीचा खर्च निघतो. त्यानंतरची वर्षं, रोजच्या गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या, हे सगळं घरच्या खिशातून आणि माझ्यासारख्यांच्या ओपीडीत घडतं. कॉलेजातल्या फॅमिली मेडिसिन विभागानं सुरुवातीला फक्त हेच काम घेतलं, की रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दीर्घ आजाराच्या पेशंटला त्याच्या डॉक्टरच्या नावानं दोन ओळींची परतचिठ्ठी मिळेल, तरी इतर विभागांना त्याची किंमत सहा महिन्यांत कळेल. पुन्हा भरती होणारे पेशंट कमी झालेले त्यांना दिसतील.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, हा विषय घ्यावा का. तुम्हाला एकाच अवयवात खोल जायला आवडत असेल तर नका घेऊ. पेशंट पुन्हा आला की तुम्हाला आनंद होत असेल, त्याच्या घरात कोण आहे हे तुमच्या लक्षात राहत असेल आणि निदान लगेच न होण्याची अस्वस्थता तुम्हाला सहन होत असेल, तर जरूर घ्या. पैसे उशिरा मिळतात पण मिळतात. सरकारी नोकरीत या पदवीसाठी वेगळं पद सहसा नसतं, ते आधी विचारून घ्या.

आणि सीट निवडताना हॉस्पिटलच्या खाटा मोजू नका. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि विचारा, तुझ्या स्वतःच्या नावावरची ओपीडी आहे का, आणि पहिल्या वर्षी पाहिलेले किती पेशंट आजही तुझ्याकडेच येतात. तीनही वर्षं नुसतं वॉर्डावॉर्डांतून रक्त काढत फिरवलं असं तो म्हणाला, तर दुसरं हॉस्पिटल बघा.